कानशिलावरची फुली

त्या शनिवारी आईच्या पलंगाभोवती एवढ्या गोष्टी होत्या: औषध ढकलणारे दोन पंप, सलाइनच्या दोन बाटल्या, एक मॉनिटर, लघवीची एक पिशवी, एक स्टूल. तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला तीन: भुवईच्या टोकाला लहानपणी पडल्याचा व्रण, कानशिलावर एक तीळ, आणि तीळ व कान यांच्या मधोमध मार्करने काढलेली निळी फुली.

फुली तेजलने काढली होती. तेजल त्या हॉस्पिटलात डॉप्लर करायची. रोज सकाळी एक ट्रॉली ढकलत आयसीयूत यायची, जेल लावायची आणि पेन्सिलीसारखा एक प्रोब आईच्या कानशिलावर टेकवायची. प्रोबमधून आवाज आत जायचा, धमनीतून धावणाऱ्या रक्तावर आपटून परत यायचा, आणि रक्त किती वेगाने धावतंय ते मशीन सांगायचं. मला पहिल्या दिवसापासून त्यात रस वाटला. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एससी. केलंय आणि साकीनाक्याच्या एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते. मोजणारं मशीन दिसलं की ते कसं मोजतं हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आई म्हणायची, "अनुपमाला सापासमोर उभं केलं तर ही आधी त्याची लांबी विचारेल."

आई बसमध्ये कंडक्टर होती. मंगळवारी डेपोत ड्यूटी संपवून कॅश भरताना तिने डोकं धरलं आणि तिथेच बसली. मेंदूतल्या एका धमनीला फुगा आला होता, तो फुटला. त्याच रात्री मुलुंडच्या या हॉस्पिटलात डॉ. वर्तकांनी जांघेतून तार घालून फुगा आतून बंद केला. दुसऱ्या दिवशी आई बोलायला लागली आणि थांबेचना.

"फुगा बंद झाला, पण आपण सुटलो नाही," डॉ. वर्तकांनी मला सांगितलं. सांडलेलं रक्त मेंदूभोवती तसंच पडून होतं. ते धमन्यांना चिडवतं. चार-पाच दिवसांनी धमन्या आकसायला लागतात आणि दोनेक आठवडे तो धोका राहतो. आकसलेल्या धमनीतून पुरेसं रक्त गेलं नाही तर पुढचा मेंदूचा भाग मरतो. "यांची डावी मधली धमनी फुग्याला सगळ्यात जवळची. तीच आकसली तर बोलणं जाईल आणि उजवा हात जाईल."

बोलणं आणि उजवा हात. बावीस वर्षं आईने त्या दोन गोष्टींवर घर चालवलं होतं. बाबा गेल्यावर तर त्या दोनच होत्या.

म्हणून रोज डॉप्लर. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच हे. धमनी अरुंद झाली की त्यातलं रक्त वेगाने पळतं. साठ-सत्तरचा वेग ठीक. एकशेवीसच्या वर गेला की आकसायला लागलीय. दोनशेच्या वर म्हणजे पळापळ. इथे आकडा जितका मोठा तितकं वाईट.

अडचण कवटीची होती. हाडातून आवाज जात नाही. कानशिलावर एका ठिकाणी हाड पातळ असतं, तिथूनच आत शिरता येतं. पन्नाशीपुढच्या बायकांत ती जागा अगदी लहान असते, काहींत नसतेच. तेजलने पहिल्या दिवशी खूप शोधलं. प्रोब मिलिमीटरभर सरकवायची, कलवायची, थांबायची. आईला गप्प बसणं जमत नव्हतं.

"काय गं, लागलं का स्टेशन?"

"काकू, बोलू नका. जबडा हलला की सगळं हलतं."

"मला गप्प बस म्हणणारा आजवर एकच इन्स्पेक्टर भेटला. त्याचं पुढे काय झालं ते माझ्या ड्रायव्हरला, नंदकुमारला विचार."

"काय झालं?"

"आता तू बोलायला लावतेस."

शेवटी कानाच्या अगदी पुढ्यात जागा सापडली. मशीनमधून फुस्स फुस्स असा ठोक्याबरोबर आवाज यायला लागला आणि पडद्यावर रेषेच्या वर लाटा उमटल्या. "वर म्हणजे रक्त आपल्या दिशेने येतंय," तेजल मला म्हणाली. "खाली म्हणजे लांब जातंय. ही धमनी नेहमी वर दिसणार. खोली बावन्न मिलिमीटर. हे दोन्ही जुळलं तरच ती ही धमनी." मग तिने तिथे फुली मारली.

"कुंकू लावायचं सोडलं ते बाबासाहेबांमुळे," आई म्हणाली, "आता ही पोरगी फुली मारतेय."

शुक्रवारी आकडा शहाण्णव होता. शनिवारी एकशे अठ्ठेचाळीस. तेजल हसली नाही. डॉ. वर्तकांनी रक्तदाब वाढवायचं औषध सुरू केलं, म्हणजे अरुंद नळीतूनही रक्त रेटलं जाईल. आणि म्हणाले, "उद्या अजून वाढला तर वाट बघायची नाही. परत तार घालून धमनीत थेट औषध सोडू. उद्याचा आकडा ठरवेल."

उद्या रविवार होता. तेजलची सुट्टी. रविवारी सोनोग्राफीतला सुशांत डॉप्लर करायचा. त्याचं रोजचं काम पायांच्या शिरा बघण्याचं. त्याच्यासाठी म्हणून तेजलने जाताना फुली पुन्हा गडद केली आणि मला व शकुमावशीला सांगितलं, "ही पुसायची नाही हं. त्याला जागा शोधत बसायला लागू नये."

शकुमावशी आईची धाकटी बहीण. जोगेश्वरीला राहते आणि घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते. फेशियल, थ्रेडिंग, लग्नसराईत नवऱ्या सजवणं. रविवारी सकाळी आईपाशी ती होती, मी अकराला पोचले. आत एकालाच सोडत होते, म्हणून ती बाहेर आली आणि मी आत गेले.

आईचा चेहरा ताजा दिसत होता. केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, भुवया सारख्या केलेल्या.

"चार वाजता डेपोची माणसं येणारेत," आई म्हणाली. "शकुने सर्व्हिसिंग केलं. कशी दिसते?"

"झकास."

"मेल्या तोंडाने येऊ नका म्हणावं. मी जिवंत आहे."

थोड्या वेळाने सुशांत ट्रॉली घेऊन आला. भला पोरगा होता. आल्या आल्या आईला नमस्कार केला. फुलीवर जेल लावलं, प्रोब टेकवला. आवाज आला नाही, नुसती खरखर. त्याने खोलीचं बटण फिरवलं. छप्पन्न. साठ. चौसष्टला आवाज लागला. लाटा रेषेच्या खाली लटकल्या होत्या. त्याने एक बटण दाबलं आणि त्या वर आल्या.

"बहात्तर," तो म्हणाला. "मस्त."

"काल बावन्नवर होतं," मी म्हटलं.

"थोडं इकडेतिकडे होतं, मॅडम. खूण आहे तिथेच लावलंय ना मी."

"पण लाटा खाली होत्या."

"इन्व्हर्ट केलं. वाचायला सोपं जातं."

"कानाकडे जरा सरकवून बघता का?"

"तुम्ही काय करता?"

"लॅबमध्ये आहे. पाणी तपासते."

"मग पाण्याचं तुम्ही बघा, डोक्याचं मी बघतो." तो हसून बोलला, टोचून नाही. खाली त्याची माणसं खोळंबली होती. आईही हसली. "आकडा कमी आलाय ना? मग कशाला त्याला छळते? शाळेत कमी मार्क पडले की रडायचीस, इथे कमी पडलेत तर हस की."

राउंडला डॉ. वर्तक आले. त्यांनी आकडा बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. म्हणाले, कालचाच आकडा चुकून जास्त आला असावा. रक्तदाबाचं औषध हळूहळू कमी करू. उगाच हृदयावर ताण नको.

"सर, एका दिवसात निम्मा होतो का?" मी विचारलं. "खोली पण वेगळी होती. एकदा परत घेता येईल का? नाहीतर उद्या तेजल येईपर्यंत औषध तरी राहू द्या."

"आकडा दुप्पट आला असता तर म्हणाला असतात का, परत घ्या?"

लॅबमध्ये मी दोन्ही वेळा परत घेते. एकदम चढलेला नमुना आणि एकदम उतरलेला नमुना, दोन्ही. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण रेसिडेंट डॉक्टर हसला, सिस्टर हसली, आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या शकुमावशीने माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. आत काय चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं. सगळे हसताना दिसले म्हणून तिने आनंदाने हात जोडले होते. डॉ. वर्तक पुढच्या पलंगाकडे वळले.

दुपारी तीनला रक्तदाबाच्या औषधाचा पंप बंद झाला.

चार वाजता दोघादोघांना सोडायला लागले. आधी डेपोतल्या दोन बायका आल्या, जय भीम घातला, रडल्या. आईने त्यांना हाकललं. मग नंदकुमारकाका आले. ते ड्रायव्हर, आईच्या बसवर सगळ्यात जास्त वर्षं तेच. शकुमावशीही त्यांच्याबरोबर आत घुसली. सिस्टरने बघून न बघितल्यासारखं केलं.

"काय कमलताई, फुकट झोपायला मिळतंय," नंदकुमारकाका म्हणाले.

"तुम्ही पण या. शेजारचा पलंग रिकामा होतोय. पण ब्रेक मारत येऊ नका, नळ्या निसटतील."

"तुमच्या जागी दिलाय तो पोरगा बोलतच नाही. पब्लिक विचारतं, त्या ओरडणाऱ्या बाई कुठे गेल्या."

"सांगा त्यांना..." आई म्हणाली आणि थांबली. "सांगा... ते..."

मावशीने द्राक्षं आणली होती. आईच्या उजव्या हातात एक होतं, ते चादरीवर पडलं. मावशीने उचलून परत तिच्या तळव्यावर ठेवलं. ते पुन्हा पडलं.

"काय सांगू?" काका अजून हसत होते.

आईचे ओठ हलत होते. "ते" एवढाच शब्द येत होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि आत काहीतरी अडकलंय हे तिला कळत होतं. कळत नसतं तर बरं झालं असतं.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा."

"दमल्या त्या. किती बोलायला लावताय. चला, सगळे बाहेर. झोपू द्या थोडं."

"दमली की तिचा आवाज वाढतो. बंद होत नाही."

"मॅडम, आकडा नॉर्मल आहे आजचा. बाहेर थांबा."

मी बाहेर गेले नाही. आईला म्हटलं, दोन्ही हात वर कर. डावा वर गेला. उजव्याकडे तिने नुसतं पाहिलं. मग सिस्टर धावली. मध्ये किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

रेसिडेंटने तेजलला फोन केला. ती बोरिवलीहून घरच्याच कपड्यांत आली. ट्रॉली ओढली, आईचं डोकं उजवीकडे वळवलं आणि थबकली.

"ही फुली माझी नाही."

तिने अंगठा फिरवला. फुली लोण्यासारखी पसरली. मार्कर असा पुसला जात नाही. ती तिळाच्या पुढे होती, डोळ्याच्या बाजूला. कानाच्या बाजूला काहीच नव्हतं. तेजल गालाचं हाड बोटाने चाचपत कानापर्यंत गेली, प्रोब टेकवला, आणि आवाज लगेच लागला. रोजचा फुस्स नव्हता. बंद खिडकीच्या फटीतून वारा घुसावा तशी बारीक शीळ होती.

बावन्न मिलिमीटर. दोनशे सव्वीस.

आईला खाली नेलं. रविवार असल्यामुळे तार घालणारी टीम घरून यायची होती. डॉ. वर्तक स्वतः आले. धमनीत औषध सोडलं, नंतर आतून ताणूनही उघडली. बाहेर येऊन त्यांनी मला मोबाइलवर दोन चित्रं दाखवली. पहिल्यात धमनी दोऱ्याएवढी, दुसऱ्यात दोरीएवढी. "छान उघडलीय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथे बोलणं आणि उजवा हात असतो, तिथे मोठा पांढरा डाग होता. पांढरा म्हणजे मेलेला.

फुलीचं मावशीने त्याच संध्याकाळी सांगितलं. कुणी दरडावून विचारायची वेळच आली नाही. सकाळी तिने आईचा चेहरा कोल्ड क्रीमने पुसला. चार माणसं येणार, ताईचा चेहरा तेलकट दिसायला नको. कापसावर निळं आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. पुसू नका म्हणून बजावलेलं होतं. सिस्टरला सांगितलं तर परत आत सोडणार नाहीत, अशी तिला भीती वाटली. पर्समध्ये निळी आयलायनर पेन्सिल होती. तिळापाशी फुली होती एवढं तिला आठवत होतं. तिने तिळाच्या पुढे काढली. तिचा हात बसलेला आहे. मूळ फुलीपेक्षा तिची फुली जास्त सरळ होती.

बुधवारी डॉ. वर्तकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलच्या एक बाई पण बसल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र. चहा मागवला.

"झालं ते वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण नातेवाइकांनी खूण बदलली, हे तुम्ही मान्य करता ना?"

"करते. सुशांतने बटण दाबून लाटा उलट्या केल्या, हे तुम्ही मान्य करता का?"

"तो टेक्निकल भाग झाला."

"खालची लाट म्हणजे दुसरी धमनी. त्याने दुसऱ्याच धमनीचा वेग मोजला आणि या धमनीच्या नावावर टाकला. फुली कुठेही असली तरी ते दिसत होतं. मला दिसलं. मी सांगितलं."

बाईंनी डॉ. वर्तकांकडे पाहिलं. डॉ. वर्तक चहाच्या कपाकडे पाहत होते. "आकसलेल्या सगळ्याच धमन्या वेळेत उघडल्या म्हणून पेशंट वाचतो असं नाही," ते म्हणाले. "रविवारी सकाळी केलं असतं तरी हेच झालं नसतं, असं मी खात्रीने सांगू शकत नाही."

"मीही नाही. पण मोजलं असतं तर केलं असतं. तुम्हीच म्हणाला होतात, उद्याचा आकडा ठरवेल."

"हो," ते म्हणाले. त्यांनी ते 'हो' फार प्रामाणिकपणे म्हटलं. त्याने काहीच बदललं नाही.

आठवड्याभरात आयसीयूच्या दारावर एक नवीन पाटी लागली: 'रुग्णाच्या शरीरावरील वैद्यकीय खुणा नातेवाइकांनी पुसू अथवा काढू नयेत. परिणामांस हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही.' रविवारी डॉप्लर कोण करणार याबद्दल पाटी नव्हती. पुढच्या रविवारीही सुशांतच आला. माझ्याकडे न बघता त्याने तपासणी केली. त्या दिवशी त्याने कानापाशी बराच वेळ शोधलं.

मावशी पाटीखालच्या बाकावर बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी स्वतःहून वाचून दाखवायची.

"मावशी, इथे नको बसूस."

"मीच केलं ना गं."

"फुली चुकली तरी त्याने शोधायला पाहिजे होतं. ते त्याचं काम आहे."

"पण फुली मी काढली."

"हो, पण—"

"मग झालं."

मी तिला समजावलं. खोली, दिशा, लाटा, सगळं. तेजलने मला समजावलं होतं तितकंच नीट. ती मान डोलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तुला बरं आहे. तुझ्याकडे दुसरं कुणीतरी आहे बोट दाखवायला." मला तिचा राग आला. सगळा दोष एकटीने घेऊन ती बाकीच्यांना मोकळं करत होती, आणि ते मोकळे होत होते. नंदकुमारकाकासुद्धा डेपोत सांगायला लागले की बहिणीच्या हातून झालं. त्यात सुशांत नव्हता, डॉ. वर्तक नव्हते, बटण नव्हतं. मावशी, कोल्ड क्रीम आणि आई, एवढ्यावर लोकांचं भागत होतं.

आईपुढे मावशी जाईना. मी ओढून नेलं. आईने तिला पाहून डावा हात उचलला आणि तिच्या भुवईवरून बोट फिरवलं, एक केस वाढलाय असं दाखवल्यासारखं. मावशी बाहेर येऊन जिन्यात बसली. त्यानंतर तिने थ्रेडिंगचं काम सोडलं.

स्पीच थेरपीच्या मुलीने आईसमोर चित्रं धरली. कप, किल्ली, बस. तिन्हींना आई "ते" म्हणाली. बसच्या चित्रापाशी तिने ते कार्ड डाव्या हाताने हिसकावून घेतलं आणि परत दिलं नाही.

डिस्चार्जच्या सकाळी तेजल शेवटचं डॉप्लर करायला आली. फुली आता कुणीच काढत नव्हतं. तिने बोटाने हाड चाचपलं आणि प्रोब टेकवला. आईचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता, मी ठेवला होता तसाच. खोलीत मशीनचा फुस्स फुस्स आवाज होता. आई एकदाही हलली नाही. गप्प बसा म्हणायची तेजलला गरज पडली नाही.

"वाचून दाखव," मी म्हटलं.

डावी मधली धमनी. लाटा रेषेच्या वर. खोली बावन्न मिलिमीटर. सरासरी वेग सेकंदाला अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.